मातीतून मॅटवर : खाशाबा जाधव



सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी. शाळेत मराठी म्हणजे शनिवारचा शेवटचा पिरियड, आणि ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क मी न चुकता घालवायचे. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख लिहायचा म्हटल्यावर मी आधी दोन वेळा पळ काढला. पण ज्या माणसाबद्दल लिहायचं होतं, त्याच्याबद्दल इंग्लिशमध्ये लिहायला बसले तर पहिल्याच पानावर अडले. ढाक, पट, कलाजंग, धोबीपछाड... हे शब्द इंग्लिशमध्ये नेले की त्यांच्या अंगावरची मातीच झडून जाते! म्हणून हा खटाटोप. चुका पोटात घाला.

आणि खरं सांगू? हा विषय मी शोधला नाही. तो घाटकोपर स्टेशनच्या पुलावर येऊन मला धडकला.

मी मुलुंडला राहते. रोजचा प्रवास म्हणजे मुलुंड ते घाटकोपर लोकल आणि पुढे अंधेरीपर्यंत मेट्रो. गेल्या वर्षी एस.ई.च्या ओरल्स चालू होत्या. संध्याकाळी साडेसातची गर्दी, पाठीवर सॅक, हातात ड्रॉइंगच्या शीट्सची नळी. पुलावर मागून कुणीतरी माझं मनगट घट्ट पकडलं आणि मला बाजूला ओढायला सुरुवात केली.

आता गंमत ऐका. मी पाचवीपासून कराटे शिकत होते. तब्बल सात वर्षं! भिंतीवर सर्टिफिकेटं, कपाटात घडी घातलेला ब्राउन बेल्ट. मनगट सोडवायचे पाच प्रकार मला पाठ होते आणि परीक्षेत त्यात पैकीच्या पैकी मार्क होते. आणि त्या क्षणी काय झालं? काहीच नाही. हात लाकडाचा झाला. पाचातला एकही प्रकार आठवला नाही. तोंडातून साधा आवाजसुद्धा फुटला नाही. मागून येणाऱ्या एका कोळीण मावशींनी काय चाललंय ते ओळखलं, हातातली रिकामी पाटी त्या माणसाच्या बरगडीत हाणली आणि अशी एक सणसणीत शिवी हासडली की तो गर्दीत कुठे विरघळला ते कळलंच नाही. मावशींनी कराटेच्या क्लासचं दारसुद्धा पाहिलं नसेल.

त्या रात्री मी रडले ते घाबरून नाही, चिडून. सात वर्षं मी नेमकं काय शिकले होते? आठवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं. क्लासमध्ये समोरची मैत्रीण मनगट धरायची ती सर सांगतील तेव्हा आणि सर सांगतील त्याच हाताने. मी जोरात ओरडून झटका दिला की ती लगेच सोडायची. न सोडणं म्हणजे बॅड मॅनर्स! सात वर्षांत एकदाही, एकाही मुलीने माझं मनगट खरोखर धरून ठेवलं नव्हतं. सर वाईट नव्हते, चांगले प्रेमळ होते. कुणाला लागू नये, पालकांची तक्रार येऊ नये, एवढीच त्यांची काळजी. पण त्या काळजीत आमची परीक्षा कधी झालीच नाही.

मेकॅनिकलवाल्यांना वेगळं सांगायला नको. आपल्या लॅबमध्ये यूटीएम मशीन आहे. त्यात माइल्ड स्टीलचा नमुना लावतात आणि तो तुटेपर्यंत ताणतात. नमुना किती चकचकीत दिसतो याला तिथे काडीची किंमत नाही. मी मात्र सात वर्षं नुसती पॉलिश होत राहिले. यूटीएममध्ये पहिल्यांदा लागले ती घाटकोपरच्या पुलावर.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. ते मूळचे कराडजवळचे, नोकरीनिमित्त मुंबईला आलेले. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की तुमच्या क्लासात पोरं खरोखर लढतात का? मी नाही म्हटल्यावर त्यांनी खाशाबा जाधवांचं नाव काढलं. सांगायला लाज वाटते, पण मला खाशाबा म्हणजे १५ जानेवारी २०२३ रोजी गूगलवर दिसलेलं एक चित्र, एवढंच आठवत होतं. आजोबा मात्र सात वर्षांचे असताना वडिलांच्या खांद्यावर बसून या माणसाची मिरवणूक पाहून आलेले. त्या रात्री आणि नंतरच्या कित्येक रात्री त्यांनी सांगितलं, मी लायब्ररीतून वाचत गेले, आणि त्यातूनच हा लेख तयार झाला.

गोळेश्वरचा धाकटा

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, कराडला अगदी लागून. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान. पाच मुलांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरात कुस्ती अशी होती जशी आपल्या घरात टीव्ही असतो. वयाच्या पाचव्या वर्षी वडिलांनी त्यांना मातीत उतरवलं. आठव्या वर्षी त्यांनी गावातल्या एका नावाजलेल्या गड्याला दोन मिनिटांत लोळवलं असं सांगतात.

१९४० ते १९४७ ही त्यांची कराडच्या टिळक हायस्कूलमधली वर्षं. याच काळात १९४२ चं आंदोलन झालं. सातारा जिल्हा तेव्हा पेटलेला होता. सोळा वर्षांच्या खाशाबांनी भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणं, पत्रकं पोचवणं अशी कामं केली. म्हणजे दडपण म्हणजे काय हे त्यांना आखाड्याबाहेरही लवकरच कळलं होतं.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. इथली एक गोष्ट मला फार आवडते. कॉलेजच्या वार्षिक खेळांत कुस्तीसाठी नाव द्यायला ते गेले तेव्हा त्यांची अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी नाव घ्यायलाच नकार दिला. खाशाबांची उंची जेमतेम साडेपाच फूट, वजन बावन्न किलोच्या आसपास. कोल्हापूर म्हणजे धिप्पाड मल्लांचं गाव, तिथे या काडीपहिलवानाला कोण विचारणार? मग खाशाबा थेट प्रिन्सिपॉलकडे गेले, परवानगी मिळवली आणि आपल्यापेक्षा अंगाने मोठ्या असलेल्या गड्यांना एकामागून एक पाडून दाखवलं. पुढे त्यांना पॉकेट डायनॅमो हे नाव पडलं ते उगीच नाही.

हे कसं शक्य झालं? इथे तालमीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हॉस्टेलवर बहुतेकांना तालीम म्हणजे नाटकाची प्रॅक्टिस एवढंच माहीत असतं.

तालमीत काय शिकवतात?

पहाटे उठून जोर, बैठका, मेहनत. आखाड्याची लाल माती खणून मऊ करायची. तिच्यात तेल, ताक, हळद मिसळलेली असते. डाव सांगायला वस्ताद. इथपर्यंत आमच्या कराटे क्लाससारखंच वाटेल. फरक पुढे आहे. डाव दाखवून झाला की लगेच लढत. समोरचा जोडीदार तुमचा मित्र असेल, कदाचित एकाच ताटात जेवणारा असेल. पण मातीत उतरला की तो तुम्हाला डाव लावू देत नाही. तुम्ही पट काढायला वाकलात की तो मानेवर झोपतो. तुम्ही ढाकेला मान धरलीत की तो कमरेत हात घालतो. तुम्ही दमलात की वस्ताद नवा, ताज्या दमाचा जोडीदार पुढे करतात. डावाला प्रतिडाव, त्याला पुन्हा तोड. असं रोज, वर्षानुवर्षं. ज्या डावाला मित्र भीक घालत नाही तो परका गडी काय घालणार, हे तिथे कुणी फळ्यावर लिहून शिकवत नाही. पाठ मातीला लागली की आपोआप कळतं.

मराठीत एक झकास शब्द आहे, नुरा कुस्ती. दोघांनी आधीच ठरवून केलेली लुटुपुटूची कुस्ती. जत्रेत लोकांना नुरा कुस्तीचा संशय आला की आरडाओरडा सुरू होतो. आजोबांनी हा शब्द समजावून सांगितला तेव्हा मला माझी सात वर्षं आठवली. सात वर्षं मी नुरा कुस्ती खेळत होते, आणि तीही फी भरून!

खाशाबांचा हुकमी डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत पक्की घ्यायची आणि अंगाला झटका देऊन त्याला फिरवून खाली आणायचं. यात दंडाच्या ताकदीपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं. समोरचा स्वतः पुढे येत असतो त्या अर्ध्या क्षणात त्याचंच वजन त्याच्याविरुद्ध वापरायचं. हा अर्धा क्षण पुस्तकात सापडत नाही. समोरच्याने खरोखर जोर लावला तरच तो येतो. म्हणून बारीक अंगकाठीच्या मुलाला रोज आपल्यापेक्षा जड जोडीदार मिळणं ही शिक्षा नव्हती, तेच त्याचं शिक्षण होतं.

लंडन १९४८ : आउट ऑफ सिलॅबस

१९४८ चं लंडन ऑलिंपिक. स्वतंत्र भारताचं पहिलं ऑलिंपिक. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलला आणि खाशाबा फ्लायवेट गटात उतरले. बावीस वर्षांचे होते. म्हणजे आपल्या बी.ई.च्या मुलांपेक्षा जेमतेम एखाद वर्षाने मोठे.

तिथे गेल्यावर पेपरच आउट ऑफ सिलॅबस निघाला! आयुष्यभर मातीत लढलेला माणूस पहिल्यांदा मॅटवर उभा राहिला. हा फरक आपण इंजिनियर लोकांनी समजून घेण्यासारखा आहे. मातीत पाय रुततो, त्यामुळे उभं राहायला आधार मिळतो. घामाने अंग निसरडं झालं की पहिलवान मूठभर माती एकमेकांच्या अंगावर टाकतात, म्हणजे पकड बसते. मॅटवर माती नाही. तुमचा कोएफिशंट ऑफ फ्रिक्शन एकदम बदलला! मातीत लंगोट किंवा जांघ्याला हात घालता येतो, मॅटवर कपडा धरायला बंदी. मातीत खरा निकाल एकच, चीतपट. वेळेची घाई नाही, गुणांचा हिशेब नाही. ऑलिंपिकमध्ये घड्याळ चालू, पंच गुण मोजणार, आणि पाठ टेकली नाही तरी तुम्ही हरू शकता.

लंडनमध्ये त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन कुस्तीगिराकडून थोडं मार्गदर्शन मिळालं. तेवढ्या तुटपुंज्या तयारीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवलं. पुढे इराणच्या मन्सूर रईसीने त्यांना थांबवलं. एकूण क्रमांक सहावा. परत आल्यावर कौतुक झालं. खाशाबांना मात्र आपलं कुठे चुकलं ते नेमकं दिसलं होतं. डाव खोटे नव्हते. मातीत घासून घेतलेले डाव होते. पण ते ज्या परिस्थितीत घासले होते ती परिस्थिती वेगळी होती.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. तुम्ही खरोखर लढून शिकलात तरीसुद्धा एका प्रकारच्या दडपणाची सवय दुसऱ्या प्रकाराला आपोआप पुरी पडत नाही. म्हणून पुढची चार वर्षं खाशाबांनी मॅटच्या नियमांना धरून सराव केला. बरोबर कोल्हापुरात गोविंद पुरंदरेंसारखे मार्गदर्शक होते. मातीतलं टाकून दिलं नाही. मातीतलं जे मॅटवर टिकतं ते ठेवलं आणि उरलेलं नव्याने शिकले. वजनगटही बदलला. १९५२ साठी ते बँटमवेटमध्ये, म्हणजे ५७ किलोंत उतरणार होते.

आखाड्याबाहेरच्या कुस्त्या

हेलसिंकीला जायच्या आधी त्यांना दोन कुस्त्या माणसांशी नाही, परिस्थितीशी खेळाव्या लागल्या.

पहिली निवडीची. मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत पंचांनी आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला अशी खाशाबांची तक्रार होती. दुसरा कुणी असता तर नशिबाला दोष देऊन घरी बसला असता. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. त्यांना कुस्तीची मनापासून आवड होती. त्यांनी निवड चाचणीत पुन्हा संधी मिळवून दिली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला लोळवून आपली जागा घेतली.

दुसरी कुस्ती पैशाची. सरकारकडून पुरेसे पैसे वेळेवर मिळेनात. खाशाबा आणि त्यांची माणसं गावोगाव वर्गणी मागत फिरली. राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डेकर यांनी तर आपलं राहतं घर गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार! एखाद्या विद्यार्थ्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकणारा प्रिन्सिपॉल... स्टाफरूममध्ये हे मॅगझिन वाचलं जातं हे मला माहीत आहे, त्यामुळे इथे जास्त काही लिहीत नाही.

हेलसिंकी १९५२

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या, मेक्सिकोच्या आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. पुढे उभे होते जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत युनियनचा रशीद मम्मदबेयोव्ह. इथे जो प्रकार झाला तो वाचताना आजही चीड येते. एक प्रदीर्घ, दमछाक करणारी लढत संपते न संपते तोच खाशाबांना मम्मदबेयोव्हशी लढायला बोलावलं गेलं. नियमाप्रमाणे दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण ती मागायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. खाशाबा एकटे. भाषेची अडचण. अंगात त्राण नाही. तरी ते मॅटवर गेले आणि हरले. इशीशी झालेली लढतही त्यांच्या हातून निसटली. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य.

२३ जुलै १९५२. स्वतंत्र भारतासाठी वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकणारे पहिले खेळाडू, खाशाबा जाधव. दुसऱ्याच दिवशी हॉकीचं सुवर्ण आलं आणि देशाचं बरंचसं कौतुक तिकडे वळलं. यानंतर दुसरं वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडलं. अटलांटात टेनिसमध्ये लिअँडर पेसचं कांस्य. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं! कुस्तीतलं पुढचं पदक तर २००८ मध्ये सुशीलकुमारने आणलं. आणि महाराष्ट्रातल्या खेळाडूचं पुढचं वैयक्तिक पदक? २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत, स्वप्नील कुसाळेचं. तोही कोल्हापूर जिल्ह्यातलाच. मधे बहात्तर वर्षं गेली.

सुवर्णवाला कुठून आला?

इथे थोडं विषयांतर करते, कारण शोहाची इशीची गोष्ट वाचताना मला माझ्या पुलावरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. इशी मुळात ज्युदोचा खेळाडू. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर निर्बंध आले म्हणून तो कुस्तीकडे वळला. आणि ज्युदो उभं केलं जिगोरो कानो नावाच्या एका शिक्षकाने. तेही बुटके आणि अंगाने किरकोळ.

कानोंच्या आधी जपानमध्ये जुजुत्सूच्या कितीतरी जुन्या शाळा होत्या. अनेक ठिकाणी भर कातावर, म्हणजे ठरवून दिलेल्या हालचालींवर. डोळे फोडणं, सांधे मोडणं असे जीवघेणे डाव त्यात असायचे. पण असे डाव मित्रावर पूर्ण ताकदीने करणार कसे? मग ते नुसते करून दाखवायचे. १८८२ मध्ये कानोंनी टोकियोत कोदोकान काढलं आणि एक साधी पण हुशार गोष्ट केली. अतिधोकादायक डाव त्यांनी कातापुरते बाजूला ठेवले. उरलेल्या डावांचा सराव रांदोरीत, म्हणजे समोरचा पूर्ण विरोध करत असताना मोकळ्या लढतीत सुरू केला. ऐकायला उलटं वाटतं. धोकादायक डाव कमी केल्यावर माणूस दुबळा व्हायला हवा ना? झालं भलतंच. १८८० च्या दशकात टोकियो पोलिसांच्या पुढाकाराने झालेल्या लढतींत कानोंचे शिष्य जुन्या शाळांना भारी पडले. कारण त्यांचे डाव कमी भयंकर असले तरी रोज विरोधात वापरलेले होते.

आपल्या तालमीत शेकडो वर्षं हेच चालत आलंय. कुस्तीत ठोसा नाही, डोळ्यात बोट नाही. म्हणूनच पहिलवान रोज पूर्ण ताकदीने लढू शकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आखाड्यात येऊ शकतो. हेलसिंकीत समोरासमोर आले ते टोकियोच्या रांदोरीतून गेलेला एक आणि कराड-कोल्हापूरच्या मातीतून गेलेला दुसरा. दोघांनाही पदक मिळालं, यात मला तरी योगायोग वाटत नाही.

एकशे एक्कावन्न बैलगाड्या

पदक घेऊन खाशाबा कराडला उतरले तेव्हा स्वागताला १५१ बैलगाड्या सजून उभ्या होत्या. ढोल, लेझीम, फटाके. एरवी पंधरा मिनिटांत संपणारा रस्ता, त्या दिवशी सात तास लागले. आजोबांना त्यातला फक्त गुलाल आणि बैलांच्या शिंगांना लावलेले गोंडे आठवतात. खाशाबा दिसले का, असं विचारलं तर ते प्रामाणिकपणे सांगतात की समोरच्याचा फेटा आड आला.

मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि त्या पैशातून ज्यांनी मदत केली होती त्यांचे पैसे फेडले. खर्डेकर सरांचं घर सुटलं.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढचं ऑलिंपिक हुकलं. पोलीस दलातल्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या आणि खात्यातल्या जवानांना शिकवण्याचंही काम केलं. मला हा भाग मोठा अर्थपूर्ण वाटतो. पोलिसाला समोरचा माणूस कधी, कसा अंगावर येईल ते आधी सांगून येत नाही. त्यांना शिकवायला ज्याने खरा जोर अंगावर घेतलाय असाच माणूस हवा.

सत्तावीस वर्षं नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पण पेन्शनसाठी मात्र त्यांना झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल घेऊन धावण्याचा मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय अठ्ठावन्न. शिवछत्रपती पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. अर्जुन पुरस्कार २००० सालचा, म्हणजे गेल्यावर सोळा वर्षांनी. पुढे दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव देण्यात आलं.

दिवाळीत आजोबांबरोबर मी गोळेश्वरला जाऊन आले. जाधवांच्या घराचं नाव ऑलिंपिक निवास. मी गेटबाहेरूनच नमस्कार केला. आत जायचा धीर झाला नाही.

आणि आता आमची तालीम

आता तुम्ही विचाराल, एवढं सगळं वाचून मी काय केलं? पहिलवान झाले का? छे! गेल्या सेमिस्टरला लेडीज हॉस्टेलवरच्या पाच मैत्रिणींना गोळा केलं. मी डे-स्कॉलर असले तरी सबमिशनच्या नावाखाली अर्धी हॉस्टेलवालीच आहे. रेक्टर मॅडमची परवानगी काढली. दर शनिवारी संध्याकाळी कॉमन रूममधला टीव्ही बंद, खुर्च्या भिंतीला आणि जमिनीवर गाद्या.

नियम तीनच. पहिला, मनगट धरणारीने खरोखर धरायचं आणि सुटल्याशिवाय सोडायचं नाही. दुसरा, डोळे, नखं, बोटं मुरगाळणं बंद. हे कानो सरांकडून उसनं घेतलं. तिसरा, कुणीही बस म्हटलं की त्याच क्षणी थांबायचं.

पहिल्या शनिवारी माझे पाचही प्रकार धुळीला मिळाले. माझी पार्टनर सिव्हिलची, नगरकडची, घरी गाईंच्या धारा काढणारी. तिची पकड म्हणजे बेंच व्हाइस! तिसऱ्या शनिवारी कळलं की पाचांपैकी एकच प्रकार माझ्या कामाचा आहे. समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूने, नुसत्या हाताने नाही तर पाऊल टाकून अख्ख्या अंगाचं वजन घेऊन सुटायचं. बाकीचे चार मी आता सोडून दिले आहेत. सर्वांत अवघड काय गेलं माहितेय? ओरडणं. कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं खालच्या आवाजात बोलायला शिकलेल्या मुलीला भर संध्याकाळी बोंब मारायला लावणं सोपं नाही. पण कोळीण मावशींची आठवण काढली की जमतं. आणि सुटल्यावर तिथे थांबून शौर्य दाखवायचं नाही, सरळ गर्दीकडे पळायचं, याचाही आम्ही सराव करतो.

म्हणजे आता घाटकोपरच्या पुलावर मला भीती वाटत नाही का? वाटते. रोज वाटते. अजूनही कुणाचा धक्का लागला की पोटात गोळा येतो. फरक एवढाच की घट्ट धरलेलं मनगट आता माझ्यासाठी नवीन राहिलेलं नाही. ते मी शंभर वेळा अनुभवलंय आणि बऱ्याच वेळा हरलेसुद्धा आहे.

मैत्रिणींनो, जागा आहे, गाद्या आहेत, फी नाही आणि बेल्टही नाही. शनिवारी या. मुलांनीही आपल्या हॉस्टेलवर असं काही सुरू करायला हरकत नाही. तुमच्याकडे जागा जास्त आहे आणि गाद्या तशाही कधी उचललेल्या नसतात.

परवा आजोबांनी फोनवर विचारलं की दहांतून किती वेळा सुटतेस. मी खरं सांगितलं, चार वेळा. ते जरा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी आठवण करून दिली की खाशाबासुद्धा पहिल्या खेपेला सहावेच आले होते.